हमीची मुदत संपलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन : खर्चाच्या दुरुस्तीपूर्वी करावयाचा विचार

आपल्या राज्यात नांगरणीपासून ऊसवाहतुकीपर्यंतची बहुतेक जड कामे आता ट्रॅक्टरने होतात. ट्रॅक्टर नवा असतो तोपर्यंत त्याच्या दुरुस्तीची चिंता मालकास फारशी वाटत नाही, कारण ठराविक वर्षे किंवा ठराविक तास, यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंत उत्पादक कंपनीची हमी असते. परंतु इंजिनाचे मोठे काम निघते ते बहुधा ही मुदत संपल्यावरच. काम निघते तेही ऐन हंगामात. घात साधली पाहिजे, पेरणी तोंडावर आली आहे आणि ट्रॅक्टर मात्र कारखान्यात उभा आहे, अशा वेळी मिस्त्री सांगेल त्या रकमेला मान डोलावण्यावाचून शेतकऱ्यास गत्यंतर राहात नाही. कित्येक ठिकाणी ही रक्कम पुढील पिकावर उचल घेऊन उभी केली जाते आणि एका दुरुस्तीमुळे घराचे दोन वर्षांचे अंदाज कोसळतात.

अशी वेळ आल्यास काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोणता खर्च टाळता येतो, याचे विवेचन पुढे केले आहे. शेतकरी बंधूंना स्वतःचा निर्णय घेताना आणि ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना सल्ला देताना त्याचा उपयोग व्हावा.

इंजिन का झिजते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबामुळे हवा अतिशय तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच तो पेटतो. म्हणून इंजिनाची सारी ताकद हवा दाबून धरण्यावर अवलंबून असते. पिस्टनच्या रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह यांतून हवा निसटू लागली की इंजिन सकाळी लवकर सुरू होत नाही, ओढ कमी होते आणि तेल जळू लागते.

एक लिटर डिझेल पुरते जळण्यासाठी सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. रोटाव्हेटर चालवताना किंवा उन्हाळी नांगरट करताना ही सर्व हवा धुळीने भरलेली असते. एअर क्लीनर नीट असेल तर धूळ त्यातच अडते. परंतु एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर असेल किंवा तिची पट्टी सैल असेल, तर तीच धूळ तेलात मिसळून कानसेसारखी लायनर घासते. मुदतीपूर्वी झिजलेल्या कित्येक इंजिनांच्या मुळाशी जुने, घाण झालेले तेल किंवा अशी एखादी क्षुल्लक चीर असल्याचे आढळून येते.

इंजिन उघडण्यापूर्वी परीक्षा

इंजिन एकदा उघडले की पॅकिंग, सील, तेल आणि मजुरी यांचा खर्च ठरलेलाच असतो, मग आतील दोष लहान निघो वा मोठा. म्हणून प्रथम स्वस्त परीक्षा आणि शेवटी महाग परीक्षा हा नियम कटाक्षाने पाळावा.

एका गावी ट्रॅक्टर काळा धूर सोडतो व चढावर दम टाकतो, अशी तक्रार आली होती. मिस्त्रीने पिस्टन व लायनर बदलण्याचा सल्ला दिला होता आणि मालकाने सोने गहाण ठेवण्याची तयारीही केली होती. तपासणी करता एअर क्लीनर धुळीने पार चोंदलेला आढळला. तो बदलताच धूर नाहीसा झाला व ट्रॅक्टर पूर्वीप्रमाणे ओढू लागला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार होता होता टळला.

परीक्षेचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१. तेल : इंजिन थंड असताना दांडीवर तेलाची पातळी, रंग व वास पाहावा. तेल दुधाळ झाले असल्यास त्यात पाणी उतरले आहे असे समजावे. पातळी आपोआप वाढली असून तेलाला डिझेलचा वास येत असल्यास पंपाकडून डिझेल तेलात गळत आहे. या दोन्ही स्थितींत इंजिन मुळीच चालवू नये, कारण पातळ झालेले तेल काही तासांतच बेअरिंगे खाऊन टाकते.

२. पाणी : रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच काढावे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसणे, किंवा इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येणे, ही हेड गॅसकेट जळल्याची किंवा हेडला तडा गेल्याची लक्षणे होत. मात्र इंजिन केवळ तापत असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा, पंख्याचा सैल पट्टा आणि थर्मोस्टॅट पाहावा.

३. हवा : एअर क्लीनर, त्याची रबरी नळी व पट्ट्या तपासाव्यात. तेलाचा एअर क्लीनर असल्यास वाटीतील तेल खुणेपर्यंत आहे काय व तळाशी गाळ किती साचला आहे हे पाहावे. कागदी असल्यास तो आपटून किंवा डिझेलने धुऊन वापरू नये.

४. डिझेल : टाकीतील गाळ व पाणी, चोंदलेले फिल्टर आणि नळ्यांत शिरलेली हवा यांमुळेही इंजिन दम टाकते. फिल्टर बदलून हातपंपाने हवा काढण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे.

५. टॅपेट : व्हॉल्व्हमधील अंतर निर्माण-पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आहे काय हे पट्टीने मोजून घ्यावे. अंतर फार कमी झाल्यास व्हॉल्व्ह पुरता बसत नाही व दाब निसटतो.

६. नोझल व पंप : नोझल काढून चाचणी यंत्रावर फवारा पाहावा. फवारा धुक्यासारखा न पडता थेंब पडत असतील, तर काळा धूर व ठोक्याचा आवाज यांचे कारण तेथेच सापडते.

७. दाब : येथवर दोष सापडला नाही तरच प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजावा. एका सिलिंडरचा दाब कमी असणे आणि सर्वांचा सारखाच कमी असणे यांत फरक आहे. पहिल्या स्थितीत एखादा व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट यांचा दोष असू शकतो, दुसरी सर्वसाधारण झीज दाखवते. तेलाच्या झाकणातून धुराचे जोरदार झोत येत असतील तर रिंगांतून दाब खाली निसटत आहे.

८. तेलाचा दाब : तेलाचा दिवा लागताच बेअरिंगे गेली असे समजू नये, पण इंजिन मात्र तात्काळ बंद करावे. दिव्याचा संवेदक बिघडला असण्याचा संभव असतो. म्हणून खऱ्या दाबमापकाने खात्री करून घ्यावी.

धुराच्या रंगावरूनही दिशा कळते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे इंजिनाचे तेल जळत आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडत आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरत आहे. थंडीत पहाटे काही क्षण निघणाऱ्या पांढऱ्या धुराची मात्र चिंता करू नये.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. कोणता सिलिंडर चालत नाही हे पाहण्यासाठी जुन्या इंजिनांत नोझलच्या नळीचे नट एकेक करून सैल करण्याची पद्धत आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले असून अशा अनेक ट्रॅक्टरांत कॉमन रेल पद्धतीचा पंप असतो. त्यातील डिझेलचा दाब इतका प्रचंड असतो की सैल नळीतून निघालेली धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशा इंजिनांवर ही पद्धत कदापि वापरू नये. त्यांची तपासणी संगणकीय उपकरणानेच करवून घ्यावी.

काम किती करावयाचे?

परीक्षेअंती इंजिन उघडणे भागच आहे असे ठरल्यास पुढचा प्रश्न कामाच्या व्याप्तीचा. कारखान्यांत हाफ इंजिन व फुल इंजिन असे दोन शब्द रूढ आहेत. पहिल्यात पिस्टन, रिंगा, लायनर व व्हॉल्व्ह यांचे काम होते. दुसऱ्यात क्रँकशाफ्ट काढून तिचे व बेअरिंगांचेही काम केले जाते. यांपैकी कोणते काम करावयाचे हे अनुभवाच्या अंदाजाने न ठरवता मोजमापाने ठरवावे.

लायनरची झीज सर्वांत वरच्या रिंगेच्या जागी अधिक होते. तेथे बोटाला कड लागते. ही झीज बोअर गेजने आणि क्रँकची झीज मायक्रोमीटरने मोजून आकडे कागदावर लिहून मागावेत व ते कंपनीच्या कार्यशाळा-पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावेत. क्रँक मर्यादेत असेल तर ती उगीच घासू देऊ नये. क्रँक एकदा घासली की तिच्यावर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर कमी मापाची, म्हणजे कारखान्याच्या भाषेत दहाची किंवा वीसची, बेअरिंगे बसवावी लागतात आणि दर वेळी पुढील घासणीची जागा कमी होत जाते. उलट झीज मर्यादेबाहेर असता केवळ पैसे वाचविण्यासाठी क्रँकचे काम टाळल्यास वरचे नवे काम फुकट जाते. नव्या रिंगांमुळे दाब वाढतो आणि आधीच सैल झालेली बेअरिंगे तो पेलू शकत नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बिघाडाचे कारण शोधणे. एका शेतकऱ्याने इंजिनाचे संपूर्ण काम केले. पुढील हंगाम संपण्यापूर्वीच निळा धूर पुन्हा सुरू झाला. इंजिन दुसऱ्यांदा उघडले तेव्हा एअर क्लीनरच्या रबरी नळीच्या खालच्या अंगाला जुनी चीर दिसून आली. परिणामाची दुरुस्ती झाली होती, कारण मात्र जागच्या जागी राहिले होते. म्हणून मिस्त्रीला पहिला प्रश्न "खर्च किती?" हा न विचारता "हे कशाने झाले?" हा विचारावा आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत नवे सुटे भाग बसवू देऊ नयेत.

दुरुस्ती, विक्री की नवा ट्रॅक्टर?

मोठ्या खर्चाचा आकडा ऐकल्याबरोबर "यापेक्षा नवाच घ्यावा" असा विचार मनात येतो. त्यापूर्वी थोडा हिशेब मांडावा. पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

समजा, दुरुस्तीला ९०,००० रुपये लागणार आहेत. काम चांगले झाले तर इंजिन आणखी ३,००० तास चालेल आणि ट्रॅक्टर वर्षाला ५०० तास वापरला जातो. म्हणजे सहा वर्षे. दुरुस्तीचा भार तासाला ३० रुपये पडला. ही रक्कम दर साल १२ टक्क्यांनी कर्जाऊ घेतली तरी पहिल्या वर्षाचे व्याज १०,८०० रुपये, म्हणजे तासाला सुमारे २२ रुपये होते. दोन्ही मिळून ५२ रुपये. आता नव्या ट्रॅक्टरासाठी ६ लाख रुपये १० टक्क्यांनी कर्ज घेतले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच ६०,००० रुपये, म्हणजे तासाला १२० रुपये पडते. मुद्दल व नव्या ट्रॅक्टराच्या किमतीची घट निराळीच.

यावरून दुरुस्ती नेहमीच स्वस्त असे मात्र समजू नये. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक, क्लच व टायर यांचीही अखेर जवळ आली असेल तर तो खर्चही दुरुस्तीच्या बाजूला मांडावा. शिवाय बंद स्थितीत ट्रॅक्टरला काय किंमत येते आणि दुरुस्तीनंतर काय येईल, हे दोन जाणत्या व्यक्तींकडून वेगवेगळे विचारून घ्यावे. किमतीतील वाढ दुरुस्तीच्या खर्चाहून बरीच कमी असून ट्रॅक्टर लवकरच विकावयाचा असेल, तर आहे त्या स्थितीत विकणे शहाणपणाचे. ज्याचा ट्रॅक्टर वर्षाकाठी शे-दीडशे तासच चालतो, त्याने गावातील अवजारे बँकेकडून भाड्याने काम करून घेण्याचाही हिशेब करावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के व ट्रॅक्टरच्या अनेक सुट्या भागांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. सुट्या भागांच्या बिलात कोणता दर लावला आहे हे अवश्य पाहावे.

करार कागदावर असावा

आपल्याकडे मिस्त्री हा घरच्यासारखा असतो आणि त्याच्याकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे अनेकांना वाटते. परंतु कागद दोघांच्याही हिताचा असतो. पुढील गोष्टी लेखी असाव्यात :

(अ) सुटे भाग, मशीन शॉपचे काम व मजुरी यांचे वेगवेगळे अंदाजपत्रक. शक्य असल्यास दोन ठिकाणांहून घ्यावे.

(आ) सुटे भाग कंपनीचे की इतर बनावटीचे, आणि ते कोण खरेदी करणार.

(इ) अंदाजपत्रकाबाहेरचे काम मालकाच्या संमतीखेरीज करावयाचे नाही.

(ई) बदललेले सर्व जुने भाग मालकास परत द्यावयाचे.

(उ) केलेल्या कामाची हमी किती महिने किंवा किती तास, आणि काम पुरे झाले त्या दिवशी तासमापकावरील आकडा.

सुट्या भागांचे पैसे दुकानदारास परस्पर देऊन कराची पावती आपल्या नावाने घ्यावी. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये.

हमीची मुदत नुकतीच संपली असेल तर एक गोष्ट विसरू नये. तोच बिघाड मुदतीत असताना विक्रेत्याकडे नोंदविला होता काय, हे जुन्या जॉब कार्डांवरून पाहावे. तशी नोंद असल्यास तो महत्त्वाचा पुरावा होय. नोंद नसली तरी वेळेवर केलेल्या सर्व्हिसिंगच्या पावत्या जोडून कंपनीकडे लेखी विनंती करावी. अशा विनंतीवरून सुट्या भागांच्या खर्चाचा काही वाटा कंपनीने उचलल्याची उदाहरणे आहेत. तोंडी मागणीचा मात्र माग राहात नाही.

दुरुस्तीनंतर हमीच्या काळातच दोष निघाला तर ट्रॅक्टर बंद करावा, मिस्त्रीस लेखी कळवावे आणि उभयतांच्या समक्ष इंजिन उघडावे. आधीच दुसऱ्याकडून उघडून घेतल्यास दोष कोणाचा हे सिद्ध करणे कठीण जाते. समेट न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी ट्रॅक्टर वापरणारा शेतकरी या कायद्याने ग्राहकच ठरतो. मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

पैशाची तरतूद

दुरुस्तीसाठी खाजगी सावकाराकडे किंवा मालावर उचल देणाऱ्या व्यापाऱ्याकडे जाण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरविताना पीककर्जाच्या रकमेवर शेतीसाधनांच्या दुरुस्ती व देखभालीसाठी २० टक्के रक्कम जादा धरण्याची तरतूद आहे. पुष्कळ खातेदारांना ही गोष्ट ठाऊक नसते. त्याचबरोबर ट्रॅक्टरच्या दर तासाच्या कमाईतून किंवा वाचलेल्या भाड्यातून थोडी रक्कम निराळी ठेवण्याची सवय लावावी. वर्षाला ५०० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरामागे तासाला ४० रुपये बाजूला पडले तर पाच वर्षांत १ लाख रुपये जमतात आणि इंजिनाचे काम संकट न ठरता ठरलेला खर्च ठरतो.

दुरुस्तीनंतरची निगा

नव्याने बांधलेले इंजिन पहिले ५० तास हलक्या कामावर चालवावे. खोल नांगरट किंवा भरलेल्या दोन ट्रेलर या काळात टाळाव्यात. त्याचप्रमाणे इंजिन तासन् तास रिकामे फिरवत ठेवू नये, त्यामुळे रिंगा नीट बसत नाहीत. त्यानंतर तेल व ऑइल फिल्टर बदलावा. हेडचे बोल्ट पुन्हा आवळावयाचे किंवा नाही आणि टॅपेट केव्हा तपासावयाचे, याबाबत पुस्तिकेतील सूचना पाळावी. टर्बो असलेले इंजिन जड कामानंतर एकदम बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावे.

ट्रॅक्टरमागे एक तासवही ठेवावी. तेल केव्हा बदलले, मध्ये किती तेल घालावे लागले, एअर क्लीनर केव्हा साफ केला, एवढीच नोंद पुरे. दर आठवड्याला घालावे लागणारे तेल वाढत चालले की इंजिन आपली स्थिती आपणहून सांगू लागते. असा इशारा मिळाल्यावर मोठे काम रब्बीची सुगी उरकल्यानंतर आणि मृगापूर्वी करून घेता येते. ऊसवाहतूक करणाऱ्यांनी गळीत हंगाम संपताच तपासणी करावी.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांस

कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील ट्रॅक्टर व त्यांचे तास यांची यादी करावी आणि चैत्र-वैशाखात एक तपासणी-दिवस भरवावा. दाबमापक, टॅपेटची पट्टी व तेलाच्या दाबाचे मापक एवढी साधने शेतकरी गटाने सामाईक घेतली तरी पुष्कळ इंजिने विनाकारण उघडली जाण्यापासून वाचतील. गावातील एखाद्या होतकरू तरुणास मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेत पाठविण्याचाही विचार व्हावा. १९५५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत ट्रॅक्टर चालविणे, राखणे व दुरुस्त करणे यांचे शिक्षण दिले जाते.

बैल आजारी पडला तर शेतकरी आधी त्याच्या खाण्याकडे, शेणाकडे व डोळ्यांकडे पाहतो, मगच औषध शोधतो. ट्रॅक्टरच्या बाबतीतही हीच दृष्टी ठेवावी. आधी लक्षण, मग कारण, मग मोजमाप आणि शेवटी खर्च, हा क्रम ज्याने पाळला त्याचा पैसा योग्य ठिकाणी लागेल आणि घातही हुकणार नाही.